दुखत नाही, तरी करायचंय

पुढच्या महिन्यात माझ्या उजव्या खुब्याचं परत ऑपरेशन आहे. २००८ मध्ये बसवलेला धातूचा सांधा काढायचा आणि त्या जागी दुसरा घालायचा, डॉक्टर लोक याला रिव्हिजन म्हणतात. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, खूप दुखतंय का गं? मी नाही म्हटलं की समोरचं माणूस जरा थांबतं आणि मग विचारतं, मग कशाला? सासूबाईंनी विचारलं, बँकेत रजेचा अर्ज दिला तेव्हा मॅनेजरने विचारलं, विम्यावाल्यांनी तर लेखी विचारलं. दर वेळी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, यापुढे कुणी विचारलं की लिंक पाठवणार.

आधी मागचं सांगते. तिशी ओलांडल्यावर एकदा माझ्या डाव्या डोळ्याला अचानक धूसर दिसायला लागलं. डोळ्यामागच्या नसेला सूज आली होती. स्टिरॉइडची सलाईनं लावली, मग बरेच दिवस गोळ्या. नजर परत आली आणि त्या डॉक्टरांचे उपकार मी आजही मानते. पण दीडेक वर्षाने जांघेत दुखायला लागलं, आधी उजवीकडे मग दोन्हीकडे, इतकं की दादर स्टेशनचा ब्रिज चढताना मी कठडा धरून उभी राहायचे आणि मागची गर्दी शिव्या घालायची. एक्स-रेमध्ये काहीच नाही. एमआरआयमध्ये कळलं, एव्हीएन. मांडीच्या हाडाचा वरचा जो गोळा असतो त्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मरतं आणि मग हळूहळू खचतं. याची मोठी कारणं दोन, स्टिरॉइड आणि दारू. त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं, दारू घेता का? शेजारी सासूबाई बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते अजून आठवतं, जणू त्यांना पण नक्की उत्तर ऐकायचं होतं.

तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहायचो, तिसरा मजला, आणि संडास गॅलरीच्या टोकाला. सगळ्या मजल्याला मिळून चार, आणि चारही उकिडवं बसायचे. हे एवढं सविस्तर सांगते कारण माझा सगळा निर्णय त्या संडासावर ठरला. खुबा पूर्ण बदलला, म्हणजे आत दांडा, वर छोटा गोळा आणि प्लास्टिकची वाटी, जी पद्धत जॉन चार्नले या ब्रिटिश सर्जनने १९६० च्या दशकात रूढ केली, तर उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, सांधा निखळू शकतो. आणि वय कमी असेल तर ते प्लास्टिक पंधरा-वीस वर्षांत झिजणार, म्हणजे परत ऑपरेशन आहेच. दुसरा पर्याय तेव्हा नवा होता आणि सगळीकडे त्याचंच बोलणं चाललेलं, हिप रिसर्फेसिंग. यात हाडाचा गोळा कापून टाकत नाहीत, तासून त्यावर धातूची टोपी बसवतात, आणि वाटीही धातूचीच. कोबाल्ट-क्रोमियमवर कोबाल्ट-क्रोमियम. डेरेक मॅकमिन नावाच्या सर्जनने १९९७ मध्ये बर्मिंगहॅममध्ये याचं आजचं रूप सुरू केलं. गोळा मोठा असतो त्यामुळे सहसा निखळत नाही, हाड वाचतं, आणि काही महिन्यांनी मांडी घालून बसता येतं, उकिडवंही बसता येतं. घरात कमोड बसवायला जागाच नव्हती, मोरीत दोन माणसं उभी राहिली की बादली बाहेर काढावी लागायची. मग काय निवडणार? आजही मला तो निर्णय चुकला असं वाटत नाही. त्या घरात, त्या वयात, तेव्हा जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर मी परत तेच निवडलं असतं.

एक गोष्ट मात्र तेव्हा विचित्र वाटली होती. सर्जननी विचारलं, अजून मूल हवंय का? मला वाटलं भूल वगैरेचा काही संबंध असेल. मुलगी शाळेत जात होती, म्हटलं नाही, झालं आमचं. पुढे किती वर्षांनी कळलं की या सांध्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरतं आणि गर्भापर्यंतही पोचतं, म्हणून मूल व्हायचं असलेल्या बायकांना हा सांधा घालू नये म्हणतात. म्हणजे रक्तात धातू उतरतो हे तेव्हाही ठाऊक होतं. मला फक्त प्रश्न विचारला, प्रश्नाचं कारण नाही सांगितलं.

उजवा झाला, काही महिन्यांनी डावा दुसऱ्या हॉस्पिटलात झाला. आणि मग खरंच सुखाची वर्षं गेली, हे लपवून काय उपयोग. मी जमिनीवर बसून पंगतीत जेवले, मुलीच्या बारशाला जेवढं वाकले नव्हते तेवढं गणपतीत आरास करताना वाकले, शिवनेरी चढले. त्रास एकच, मेटल डिटेक्टर. मॉलमध्ये, एअरपोर्टवर, मेट्रोत, दारातून गेलं की किंचाळणार. एअरपोर्टवरच्या बायकांना सवय असते, त्या पडद्यामागे नेऊन नीट तपासतात. घाटकोपरच्या मेट्रोला एकदा एक नवीन मुलगी होती, तिने हातातलं यंत्र उजवीकडे फिरवलं, वाजलं, डावीकडे फिरवलं, वाजलं, आणि म्हणाली, मॅडम दोन्ही खिशात काय आहे? मी म्हटलं खिसेच नाहीत, पंजाबी ड्रेस आहे.

२०१० च्या ऑगस्टमध्ये बातमी आली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीने एएसआर नावाचे धातूचे खुबे जगभरातून परत मागवले. ब्रिटनच्या सांधेबदलाच्या नोंदणीत दिसलं होतं की ५ वर्षांत साधारण १२ ते १३ टक्के पेशंटना परत ऑपरेशन करावं लागतंय. ऑस्ट्रेलियात तर ते आधीच २००९ मध्ये बाजारातून काढलेले. आपल्याकडे अंदाजे ४,७०० ऑपरेशनं झाली होती, आणि त्यातले पेशंट किती सापडले तर जेमतेम हजारभर. महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, २०११ मध्ये माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला, केंद्राने समिती नेमली २०१७ मध्ये, त्या समितीने किमान २० लाख भरपाई सांगितली, मग ३० लाख ते १ कोटी २३ लाखांचं सूत्र आलं, मग कोर्ट. मी हे सगळं पेपरात वाचत होते आणि दर वेळी आपली फाईल काढून बघत होते. माझा सांधा त्या कंपनीचा नाही. ज्या कंपनीचा आहे तिचं नाव इथे लिहिणार नाही, कारण मला इथे कुणाशी भांडायचं नाहीये, आणि तो परतही मागवलेला नाही. सर्जनना फोन केला तर म्हणाले, तुमचा तो नाही, निर्धास्त राहा. जीव भांड्यात पडला आणि मी खरंच निर्धास्त राहिले.

आता वाटतं, त्या बातमीने एक गोंधळ करून ठेवला. लोकांना वाटलं एका कंपनीचा माल खराब होता, तो गेला, विषय संपला. खरं तर धातूवर धातू घासला की दोन्हीकडचे कण सुटणारच, कंपनी कुठलीही असो, कुणाचे कमी कुणाचे जास्त. पाट्यावर चटणी वाटली की दगडही थोडा पोटात जातो, तसंच हे. वाटी जरा जास्त उभी बसली असेल तर काठावर घासते आणि कण वाढतात. आणि गोळा लहान मापाचा असेल तर दोन पृष्ठभागांच्या मधे वंगणाचा पातळ थर टिकत नाही, मग आणखी वाढतात. लहान माप कुणाचं, तर बायकांचं. बर्मिंगहॅमचा जो सांधा यातला सगळ्यात नावाजलेला, त्याच्या कंपनीनेही २०१५ मध्ये ४६ मिलीमीटर आणि त्याखालची मापं बंद केली आणि बायकांना तो वापरू नका म्हणून सांगितलं. माझ्यात तोही नाही. पण माप माझंही लहानच आहे, माझी उंची पाच फूटसुद्धा नाही.

आता यावर्षीचं. मला पाळीच्या तक्रारी सुरू झाल्या, या वयात सगळ्यांच्याच होतात, म्हणून भांडुपला घराजवळ पोटाची सोनोग्राफी केली. रिपोर्ट आला, उजव्या अंडाशयाजवळ पाण्याची गाठ, आत काही घट्ट भाग, पुढील तपासणी करावी. हातपाय गळाले. नवऱ्याने रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर वाचून घेतलं आणि सकाळी मला म्हणाला काही नसेल गं, त्यावरूनच कळलं काय वाचलं असेल. कॅन्सरची रक्ततपासणी नॉर्मल आली तरी डॉक्टरबाई म्हणाल्या दुसऱ्या ठिकाणी परत एक सोनोग्राफी करून घेऊ. ती परळला केली. तिथले रेडिओलॉजिस्ट वयस्कर, फारसं बोलत नव्हते. प्रोब फिरवता फिरवता थांबले, मला कुशीवर व्हायला सांगितलं, मांडीच्या बाजूचा जुना व्रण बघितला आणि म्हणाले, बाई, हे हिपचं ऑपरेशन कधीचं? मी सांगितलं. सांधा कसला? धातूचा की प्लास्टिक? मी म्हटलं दोन्ही बाजूंना धातू. तर म्हणाले, ही गाठ अंडाशयाची नाहीच, खुब्यातून वर आलीये, स्नायूच्या कडेकडेने. हाडवाल्या डॉक्टरला दाखवा. टिश्यूचा गोळा हातात दिला, म्हणाले पोट पुसून घ्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तो माणूस नसता तर मी भलत्याच ऑपरेशनला टेबलावर गेले असते.

या गाठीला स्यूडोट्यूमर म्हणतात. ट्यूमर म्हणत असले तरी हा कॅन्सर नव्हे. धातूच्या कणांना शरीर वैतागतं, तिथे पेशी गोळा होतात, पाणी साठतं, पिशवी होते, आणि आजूबाजूचे स्नायू हळूहळू मरतात. यातलं मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? २००८ मध्ये, ज्या वर्षी मी टेबलावर होते त्याच वर्षी, ऑक्सफर्डच्या सर्जननी यावर लेख छापला होता. रिसर्फेसिंग झालेले १७ पेशंट, २० खुबे, सगळ्यांना या गाठी. आणि सतराच्या सतरा बायका.

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम मोजायचं हे ऐकायला सोपं आहे. घरी सॅम्पल घ्यायला मुलगा आला, नेहमीची लाल झाकणाची ट्यूब घेऊन. मी वाचून ठेवलं होतं, म्हटलं यासाठी गडद निळ्या झाकणाची लागते, धातूचा अंश नसलेली, आणि सुईचाही धातू मिसळतो म्हणून पहिलं थोडं रक्त टाकून द्यायचं. तो बिचारा म्हणाला मॅडम मला फक्त पत्ता दिलाय. त्याने ऑफिसला फोन केला, ऑफिसने लॅबला, लॅबने कुणाला तरी, आणि शेवटी दुसऱ्या दिवशी निळी ट्यूब आली. शिवाय बी-१२ च्या गोळ्या बंद करायला लावल्या, कारण बी-१२ मध्ये मुळातच कोबाल्ट असतं. हे मला पण नवीनच.

आकडा आला, कोबाल्ट ११.२, क्रोमियम ८.६ पीपीबी, म्हणजे रक्ताच्या अब्ज भागांत इतके भाग. ब्रिटनच्या नियामकांनी २०१० पासून ७ पीपीबी ही रेघ आखलीये, त्याच्या वर गेलं की नीट लक्ष द्या, तीन महिन्यांनी परत मोजा. तीन महिन्यांनी दोन्ही आकडे आणखी थोडे चढलेले. आता माझ्यात दोन सांधे आहेत, कुठला किती सोडतोय ते रक्त सांगत नाही. हे कोबाल्ट फार वाढलं तर कान, डोळे, थायरॉइड, हृदय सगळ्यावर जातं. क्युबेकमध्ये १९६० च्या दशकात बिअरचा फेस टिकावा म्हणून त्यात कोबाल्ट घालायचे आणि पिणाऱ्यांची हृदयं निकामी झाली, माणसं गेली. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणतो, म्हणजे त्या डॉक्टरचा पहिला प्रश्न बरोबरच होता. डोळ्यांचं वाचून मात्र मी रात्रभर जागी, कारण एकदा ते भोगलंय. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, कानांची आणि डोळ्यांची तपासणी केली, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले तुमच्या आकड्याला तसं होणं दुर्मिळ, त्यासाठी आकडे खूप वर जावे लागतात.

एमआरआयची वेगळीच गंमत. फोन केला की पहिला प्रश्न, अंगात धातू आहे का? आहे म्हटलं की, मग नाही होणार मॅडम. अहो त्या धातूसाठीच करायचाय! धातूची सावली कमी करून फोटो घ्यायची पद्धत असते, त्याला मार्स म्हणतात, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, पण ते वाचतं कोण. एकाने विचारलं मंगळ? शेवटी सर्जननीच एका सेंटरचं नाव सांगितलं आणि बजावलं, दीड टेस्लाच्या मशीनवरच करा, तीनवर सावली जास्त येते. रिपोर्टमध्ये डावी बाजू बरी, थोडं पाणी, लक्ष ठेवायचं. उजवीकडे गाठ, आणि खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे जे स्नायू चालताना कंबर सरळ धरतात ते पातळ व्हायला लागलेले.

आणि इथे मग-कशालाचं उत्तर आहे. मला दुखत नाही हे खरं. जांघेत थोडं भरल्यासारखं वाटतं, बसमध्ये पाय उचलून चढताना कधीतरी कट् असा आवाज होतो, बस एवढंच. पण माझ्या लेकीने भावाच्या लग्नातला व्हिडिओ दाखवला, त्यात मी हॉलच्या त्या टोकापासून हातात ताट घेऊन चालत येतेय आणि प्रत्येक पावलाला माझी कंबर डावीकडे कलतेय. मला स्वतःला हे जाणवतच नव्हतं. तो उजव्या बाजूचा स्नायू सुटत चाललाय. सर्जननी सरळ सांगितलं की दुखण्यावर जाऊ नका, बऱ्याच जणांच्या गाठी दुखत नाहीत. दुसऱ्या कारणाने केलेलं रिव्हिजन आणि अशा गाठीमुळे केलेलं रिव्हिजन यात गाठीवाल्याचा निकाल वाईट येतो, ऑक्सफर्डवाल्यांनी २००९ मध्ये तेही मांडलं, आणि जितका स्नायू गेलेला असेल तितका जास्त वाईट, नवा सांधा कितीही भारी घाला, त्याला धरून ठेवायला आत काही उरलं नाही तर तो निखळत राहणार. म्हणजे दुखायची वाट बघायची तर आपण नेमकं ज्याच्यासाठी ऑपरेशन करतोय तेच संपायची वाट बघायची. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, चालतंय तोवर चालवावं, त्यांच्या गुडघ्याचं त्यांनी तसंच केलं. आणि त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे, गुडघा झिजतो तेव्हा दुखतो, उशीर केला तरी बहुतेक नुसतं दुखणंच सोसावं लागतं. इथे तसं नाही. शेवटी मी त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला आणि म्हणाल्या, अगं तू तर माझ्यासारखी चालतेस. त्या पंच्याऐंशीच्या आहेत.

विम्यावाल्यांचं काय सांगू. कॅशलेससाठी कागद गेले, टीपीए म्हणजे विम्याचे दावे तपासणाऱ्या मधल्या कंपनीकडून उलट प्रश्न आला, रुग्णास तीव्र वेदना नसताना शस्त्रक्रियेची निकड स्पष्ट करावी. हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली मॅडम वेदना आहेत असं लिहून देऊ का, सगळे तसंच करतात, लगेच पास होतं. मी म्हटलं नको, जे आहे तेच लिहा. सर्जननी एमआरआय आणि रक्ताचे दोन्ही रिपोर्ट जोडून पानभर पत्र दिलं. परत प्रश्न आला, ही कॉस्मेटिक शस्त्रक्रिया आहे का? मी हसायचं की रडायचं तेच कळेना. आता मंजुरी आलीये, अर्ध्याहून थोड्या जास्त रकमेची, उरलेले आमचे आम्ही. एफडी मोडायला माझ्याच बँकेत माझ्याच टेबलावर फॉर्म भरला.

ऑपरेशनमध्ये काय करणार ते सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. मांडीच्या बाजूचं तुलनेने सोपं, कारण रिसर्फेसिंगमध्ये हाड वाचलेलं असतं, टोपीसकट गोळा कापायचा आणि नेहमीचा दांडा घालायचा, जसा कुणाच्याही पहिल्या ऑपरेशनमध्ये घालतात. अवघड आहे वाटी. ती हाडात इतकी घट्ट बसलीये की बाहेरून तिच्या गोलाईच्या मापाची वाकडी पाती घालून कडेकडेने सोडवावी लागते, घाई केली तर मागचं हाड तुटून येतं. मग गाठ आणि मेलेला भाग साफ करायचा, टायटॅनियमची नवी वाटी, तिच्यात हल्लीचं कमी झिजणारं प्लास्टिक, आणि वर सिरॅमिकचा गोळा. म्हणजे ज्या प्लास्टिकला तेव्हा नको म्हटलं तेच आता येणार, फक्त मधल्या वर्षांत ते खूप सुधारलंय. स्नायू फारच कमजोर निघाले तर दोन ठिकाणी फिरणारा सांधा घालतील, डुअल मोबिलिटी म्हणतात, तो सहज निखळत नाही. ते आत गेल्यावरच ठरणार. धोके विचारले, त्यांनी सगळे सांगितले, इन्फेक्शन, निखळणं, पायाची नस दुखावून पाऊल लुळं पडणं, पायाच्या लांबीत फरक. पहिल्या ऑपरेशनपेक्षा सगळ्याचीच शक्यता जास्त. एवढं सांगून म्हणाले, आता मला विचारा की मी माझ्या बहिणीला काय सांगितलं असतं. मी म्हटलं नको, ते सगळेच डॉक्टर म्हणतात. ते हसले.

आणि फाईल. यावर मी जरा जास्त बोलणार. सांधा बसवतात तेव्हा त्याच्या डब्यातले स्टिकर केसपेपरवर चिकटवतात, त्यावर कंपनी, माप, लॉट नंबर सगळं असतं. डाव्याचे स्टिकर माझ्याकडे आहेत. उजव्याचं डिस्चार्ज कार्ड आहे, त्यावर नुसतं लिहिलंय मेटल ऑन मेटल, उजवा. कंपनी मला बिलावरून कळली, मापाचा पत्ताच नाही. त्या हॉस्पिटलात गेले तर म्हणाले इतकं जुनं रेकॉर्ड नाही. आणि त्यांचंही नियमाने बरोबर, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत डॉक्टरने रेकॉर्ड ३ वर्षं ठेवायचं असं आहे. तीन वर्षं! वस्तू अंगात राहणार जन्मभर आणि तिचा कागद राहणार तीन वर्षं. फ्रिजच्या वॉरंटीचा कागद आमच्याकडे अजून आहे, तो फ्रिज भंगारात जाऊन जमाना झाला. तुमच्या आईचा गुडघा, वडिलांचा खुबा, स्टेंट, काहीही झालं असेल तर आज उठा आणि तो स्टिकर शोधा, मोबाईलमध्ये फोटो काढून घरातल्या दोघातिघांना पाठवून ठेवा. पाती कुठल्या मापाची आणायची हे त्या स्टिकरवरून एका मिनिटात कळलं असतं, आता एक्स-रेवर मोजून अंदाज बांधलाय आणि खबरदारी म्हणून दोन-तीन मापं मागवलीयेत.

घरची तयारी चालू आहे. भांडुपच्या घरात कमोड आहे, पण तो पण उंच करायला वरची प्लास्टिकची सीट आणलीये, कारण नव्वद अंशाच्या पुढे वाकायचं नाही. यापुढे मांडी नाही, उकिडवं तर नाहीच. चैत्रागौरीला मी खुर्चीवर बसून हळदीकुंकू करणार, कुणाला बघवो न बघवो. रात्री दोन पायांत उशी. वॉकर वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून आलाय, त्यांच्या यजमानांचा होता, त्याच्या पायांची रबरं बदलायचीत. बाथरूमच्या दारातून वॉकर जातो का ते लेकीने टेपने मोजलं, जातो, पण आडवा धरून. दातांच्या डॉक्टरकडेही जाऊन आले, किडलेल्या दातातून जंतू रक्तात गेले तर नव्या सांध्यावर बसू शकतात म्हणून आधी दात साफ करून घ्यायला सांगतात. दोन दात भरले, एक काढला.

काढलेला सांधा मला द्या म्हणून मी अर्ज केलाय. गाठीचा तुकडा पॅथॉलॉजीला जाईल, पाणी कल्चरला, म्हणजे जंतू आहेत का बघायला, जाईल, पण धातू माझा आहे, मी त्याचे पैसे दिलेत. सर्जनना काही हरकत नाही. काउंटरवरच्या मुलीने अर्ज वाचून विचारलं, मॅडम ते आम्ही बायोमेडिकल वेस्टमध्ये टाकतो, तुम्हाला कशाला हवाय? म्हटलं, माप आणि नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो, मला फाईलला लावायचाय. तिने अर्जावर शिक्का मारला आणि म्हणाली झेरॉक्स काढून आणा, ओरिजिनल आम्ही ठेवतो.